सातपुड्याची छायाचित्रे, संकेतस्थळाचे रंग
शीर्षपट्टी आणि लिंकचे रंग सीएसएसने बदलताना कशाचे भान ठेवावे?

नंदुरबार : अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी म्हणजे छायाचित्रकारांसाठी वर्षातील मोठी पर्वणी. अंगावर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले नर्तक ढोलाच्या तालावर रात्रभर नाचतात. काळोखात उजळलेले ते चेहरे टिपण्यासाठी दूरदूरहून कॅमेरे येतात. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला भरणारा घोडेबाजार, पावसाळी धुक्यात हरवलेले तोरणमाळ, नंदुरबार शहराच्या वेशीवर वाळत घातलेल्या मिरचीच्या लालभडक पथाऱ्या हेही असेच हमखास विषय होत. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची ओळख बाहेरच्या जगाला पुष्कळदा अशा छायाचित्रांतूनच होते.

ही छायाचित्रे पुढे संकेतस्थळावर चढतात आणि तेथे एक छोटीशी, पण महागात पडणारी चूक होते. रात्रीची छायाचित्रे काळ्या पार्श्वभूमीवर खुलून दिसतात, म्हणून संपूर्ण पान काळे केले जाते. लिंकच्या रंगाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. ब्राउझर आपल्या मूळ सवयीने लिंक गडद निळी दाखवतो, पाहून झालेली लिंक जांभळी करतो. काळ्यावर गडद निळे आणि काळ्यावर जांभळे! छायाचित्र झळकते; पण 'संपर्क', 'पुढील छायाचित्रे', 'वापराची परवानगी' हे शब्द अंधारात बुडून जातात. एखाद्या प्रकाशकाला छायाचित्र विकत घ्यायचे असेल किंवा त्यातील नर्तकाच्या घरच्यांना त्याची प्रत हवी असेल, तर मागायची कोठे, हेच त्यांना सापडत नाही. रंगांचा हा प्रश्न नुसता सजावटीचा नाही, तो येथे लक्षात येतो.

रंगरूप वेगळे, मजकूर वेगळा

संकेतस्थळाच्या पानाचे दोन भाग असतात. मजकूर आणि त्याची मांडणी एचटीएमएल या भाषेत लिहिली जाते. रंग, आकार, अंतर या बाबी सीएसएस अर्थात कॅस्केडिंग स्टाइल शीट्स ठरवतात. पूर्वी ही विभागणी नव्हती. प्रत्येक पानात, प्रत्येक शीर्षकाशेजारी रंग लिहावा लागे. दोनशे छायाचित्रांची दोनशे पाने असतील, तर शीर्षकाचा रंग बदलण्यासाठी दोनशे ठिकाणी हात घालावा लागे. नॉर्वेचे होकोन व्हियुम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी यावरील तोडग्याचा पहिला प्रस्ताव मांडला. पुढे नेदरलँड्सचे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने सीएसएसची पहिली आवृत्ती शिफारस म्हणून जाहीर केली. तेव्हापासून रंगांची एकच यादी एका फाइलीत ठेवता येते आणि सर्व पाने तिचे म्हणणे ऐकतात.

सीएसएसचा नियम तीन गोष्टी सांगतो : कोणाला, काय आणि किती. 'हेडर' हा शब्द कोणाला ते सांगतो, 'बॅकग्राउंड-कलर' हा काय ते सांगतो आणि त्यापुढे रंगाचे मूल्य येते. गुणधर्म आणि मूल्य यांच्यामध्ये विसर्गासारखी दोन टिंबे, ओळीच्या शेवटी अर्धविराम आणि सगळ्याला महिरपी कंस, एवढेच त्याचे व्याकरण. हे शब्द संगणकावर रोमन लिपीत लिहावे लागतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत. एखादा अर्धविराम राहिला तर त्या जागची सूचना ब्राउझर मुकाट्याने वगळतो, चूक झाल्याचे पानावर कोठेही सांगत नाही. नवशिक्यांचा निम्मा वेळ या हरवलेल्या अर्धविरामाच्या शोधात जातो.

रंगाचा पत्ता

रंग नावाने सांगता येतो, तसा अंकांनीही. पडद्यावरील प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा यांच्या मिश्रणातून तयार होतो. प्रत्येकाच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या धरल्या, तर १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग होतात. हे प्रमाण बहुधा सोळाच्या पाढ्यात लिहितात. त्यात नवाच्या पुढे ए ते एफ ही अक्षरे अंकांचे काम करतात. हॅशच्या चिन्हापुढील सहा अंकांपैकी पहिले दोन लालाचे, मधले दोन हिरव्याचे, शेवटचे दोन निळ्याचे. म्हणून 'एफएफ००००' हा शुद्ध लाल आणि '००००ईई' हा ब्राउझरमधील लिंकचा ठरलेला निळा. १९९३ मध्ये आलेल्या मोझॅक ब्राउझरने निळी, अधोरेखित लिंक रूढ केली आणि ती सवय आजतागायत टिकून आहे.

रंगांच्या नावांच्या यादीत एक नाव मात्र वेगळे आहे : 'रिबेकापर्पल'. सीएसएसवरील पुस्तकांचे अमेरिकी लेखक एरिक मेयर यांची कन्या रिबेका २०१४ मध्ये आपल्या सहाव्या वाढदिवशी मेंदूच्या कर्करोगाने गेली. तिची आठवण म्हणून संकेतस्थळे बनविणाऱ्या जगभरातील मंडळींनी '६६३३९९' या जांभळ्याला तिचे नाव दिले. कोरड्या तांत्रिक यादीत एका मुलीचे नाव असे कायमचे कोरले गेले.

शीर्षपट्टी : आधी छायाचित्र, मग अक्षर

शीर्षपट्टी म्हणजे पानाच्या माथ्यावरील पट्टा. नाव, बोधचिन्ह आणि मुख्य लिंक यांचे ते घर. तिला कोणताही रंग देता येतो. पण छायाचित्रांच्या संकेतस्थळावर तो रंग शेजारच्या छायाचित्रावर परिणाम करतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजीन शेव्रल पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगकामाचे प्रमुख होते. काही धाग्यांचा रंग फिका दिसतो, अशा तक्रारी त्यांच्याकडे येत. तपासाअंती दोष रंगात नसून शेजारच्या धाग्याच्या रंगात असल्याचे त्यांना आढळले. १८३९ मध्ये त्यांनी हा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. शेजारचा रंग डोळ्यांना फसवतो, हे त्याचे सार. मिरचीच्या पथारीच्या छायाचित्रावर भडक लाल शीर्षपट्टी ठेवली, तर पथारीच निस्तेज वाटू लागते. हिरव्यागार शीर्षपट्टीखाली मानवी त्वचा तांबूस भासते. कलादालनांच्या भिंती पांढऱ्या किंवा करड्या का ठेवतात, याचे उत्तर येथे मिळते. शीर्षपट्टीला करडा, पांढरा किंवा काळपट असा तटस्थ रंग द्यावा आणि भडक रंग असलाच तर एखाद्या बारीक रेघेपुरता किंवा बोधचिन्हापुरता राखावा, हे उत्तम.

शीर्षपट्टीत छायाचित्रच बसवायचे असेल, तर अडचण निराळी. तोरणमाळच्या धुक्यावर पांढरी अक्षरे लिहिली, तर ती धुक्यातच विरून जातात. त्याच छायाचित्राच्या तळाशी गडद झाडी असेल, तर अर्धे नाव वाचता येते आणि अर्धे नाही. यावर सीएसएसमध्ये सोपा उपाय आहे. 'बॅकग्राउंड-इमेज' या गुणधर्मात छायाचित्राच्या आधी 'लिनिअर-ग्रेडियंट' लिहून त्यावर अर्धपारदर्शक काळ्याचा पातळ पडदा ओढता येतो. मूळ छायाचित्राला धक्का लागत नाही, अक्षरे मात्र उठून दिसतात. शिवाय 'बॅकग्राउंड-कलर'मध्ये एक साधा गडद रंगही द्यावा. दुर्गम भागात नेटवर्क क्षीण असते. छायाचित्र उतरायला वेळ लागला, तरी पांढऱ्या अक्षरांमागे गडद रंग असल्याने नाव लगेच वाचता येते.

देवनागरीचा हिशेब वेगळा

इंग्रजी संकेतस्थळांसाठी बनविलेले साचे मराठीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. शीर्षकातील अक्षरे विरळ करण्यासाठी 'लेटर-स्पेसिंग' हा गुणधर्म तेथे सर्रास वापरतात. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि 'सातपुडा' हा शब्द मोडक्या कुंपणासारखा दिसू लागतो. अक्षरे मोठ्या लिपीत करणारा 'टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म' हा नियम मराठीत निरुपयोगी, कारण आपल्याकडे लहान-मोठी लिपी नाही. नाव उठावदार करायचे तर आकार, जाडी आणि रंग यांवरच भिस्त ठेवावी लागते.

ओळींमधील अंतराचेही तसेच. वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातात, तर उकार आणि जोडाक्षरे खाली उतरतात. शीर्षपट्टीची उंची इंग्रजी मापाने बेतली, तर एखाद्या नावाचा ऱ्हस्व उकार खाली कापला जातो. 'लाइन-हाइट' दीडपट वा त्याहून किंचित अधिक ठेवल्यास अक्षरांना श्वास घेता येतो. लिंकखालची रेघही उकारांना छेदते. 'टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट' या गुणधर्माने ती रेघ थोडी खाली सरकवता येते. ही सोय बहुतेक सध्याच्या ब्राउझरमध्ये आहे.

लिंकच्या अवस्था

लिंक ही एकच गोष्ट वाटली, तरी सीएसएसच्या दृष्टीने तिच्या निरनिराळ्या अवस्था असतात. 'लिंक' म्हणजे अजून न पाहिलेली, 'व्हिजिटेड' म्हणजे पाहून झालेली, 'होव्हर' म्हणजे जिच्यावर माउसचा बाण टेकला आहे अशी आणि 'ॲक्टिव्ह' म्हणजे त्या क्षणी दाबलेली. प्रत्येक अवस्थेला स्वतंत्र रंग देता येतो. पण नियम याच क्रमाने लिहावे लागतात. या चारही नियमांचे वजन सारखे असते आणि वजन सारखे असेल तेव्हा शेवटी लिहिलेला नियम जिंकतो. 'होव्हर' आधी आणि 'व्हिजिटेड' नंतर लिहिले, तर पाहिलेल्या लिंकवर बाण नेऊनही रंग बदलत नाही आणि बिघाड कोठे झाला ते कळत नाही.

ज्या संकेतस्थळावर काठी, सारंगखेडा, प्रकाशा, तोरणमाळ असे अनेक संग्रह आहेत, तेथे पाहिलेल्या लिंकचा वेगळा रंग पाहुण्याचे श्रम वाचवतो. कोणता संग्रह पाहून झाला, हे त्याला लक्षात ठेवावे लागत नाही. या सोयीचा एकेकाळी गैरवापरही झाला. एखादे संकेतस्थळ गुपचूप अनेक लिंक मांडून त्यांचे रंग तपासत असे आणि त्यावरून वाचक कोठे कोठे जाऊन आला, याचा माग काढत असे. २०१० मध्ये मोझिलाचे डेव्हिड बॅरन यांनी त्यावर तोडगा मांडला आणि तो इतरांनीही स्वीकारला. त्यामुळे आता पाहिलेल्या लिंकचा केवळ रंग बदलता येतो. तिचा आकार, जाडी किंवा मागचे चित्र बदलण्याचा नियम लिहिला, तरी ब्राउझर तो मानत नाही. तसा नियम चालला नाही म्हणून डोके खाजवण्याचे कारण नाही.

मोबाइलवर माउस नसतो, हेही विसरता कामा नये. छायाचित्राची माहिती बाण टेकवल्यावरच दिसेल, अशी रचना केली तर मोबाइलवरच्या वाचकाला ती बहुधा दिसतच नाही. महत्त्वाची गोष्ट 'होव्हर'च्या भरवशावर सोडू नये. जे कळफलकाने पान चालवतात त्यांच्यासाठी 'फोकस' ही आणखी एक अवस्था असते. लिंकभोवती येणारी चौकट कुरूप वाटते म्हणून ती काढून टाकण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो टाळावा, अंधूक दृष्टीच्या माणसाची ती काठी असते.

डोळ्यांनी नव्हे, मापाने

कोणता रंग वाचता येईल, हे ठरवण्यासाठी एक सर्वमान्य माप आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर काढतात. दोन्ही रंग सारखे असतील तर ते १, पांढऱ्यावर काळे असेल तर २१. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमच्या सुलभतेच्या निकषांनुसार साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना किमान ३ एवढे गुणोत्तर हवे. डिसेंबर २००८ च्या आवृत्तीत हे आकडे आले आणि ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीतही ते कायम आहेत.

हे माप लावले, की आरंभीच्या चुकीचा उलगडा होतो. ब्राउझरचा मूळ निळा पांढऱ्यावर सुमारे ९.४ गुण मिळवतो, काळ्यावर मात्र जेमतेम २.२. मूळ जांभळ्याचे काळ्यावर १.९ सुद्धा कष्टाने होतात. मिरचीची आठवण करून देणारा गडद लाल, समजा 'बी७१सी१सी', पांढऱ्यावर सुमारे ६.६ गुणांनी सहज उत्तीर्ण होतो. काळ्यावर तोच ३.२ वर अडकतो. उलट हळदीसारखा पिवळा 'एफएफसी१०७' काळ्यावर १२.९ इतका ठळक, तर पांढऱ्यावर १.६ म्हणजे जवळजवळ अदृश्य. शुद्ध लालसुद्धा पांढऱ्यावर ४ च्या घरातच राहतो, ही अनेकांना चकित करणारी बाब. सारांश, रंग स्वतः चांगला किंवा वाईट नसतो. तो कशावर ठेवला त्यावर सारे ठरते. पार्श्वभूमी बदलली की लिंकचे रंगही नव्याने निवडावे लागतात.

अंधाऱ्या खोलीत, महागड्या पडद्यावर बसून निवडलेला रंग मिरचीच्या पथारीवर भर दुपारी उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाइलवर दिसेलच, असे नाही. गुणोत्तराची गरज तेथे सर्वाधिक असते. दुसरी गोष्ट रंगांधत्वाची. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे बारामागे एकाला लाल-हिरव्यातील भेद नीट कळत नाही; आपल्याकडेही अशी माणसे आहेत. म्हणून मजकुराच्या ओघात येणारी लिंक नुसत्या रंगाने वेगळी करू नये, तिच्याखाली रेघ असावी. शीर्षपट्टीतील लिंक मात्र रेघेविना चालतात, कारण त्यांची जागाच त्यांची ओळख सांगते. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या सुलभतेची तरतूद आहे आणि शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वे आहेत. खासगी छायाचित्रकाराने तो पायंडा उचलण्यात त्याचाच लाभ आहे.

नियम लिहिला, तरी रंग बदलत नाही

कॅस्केड म्हणजे टप्प्याटप्प्याने खाली उतरणारा धबधबा. सीएसएसमध्येही नियम वरून खाली वाहत येतात आणि एकाच घटकासाठी अनेक नियम समोर ठाकतात. त्यांतला कोणता चालणार? जिल्ह्यासाठी एक सर्वसाधारण आदेश आणि एखाद्या गावासाठी खास आदेश असेल, तर त्या गावात खास आदेश चालतो. येथेही तसेच. 'सर्व लिंक पिवळ्या' हा नियम सर्वसाधारण. 'शीर्षपट्टीतील लिंक पांढऱ्या' हा अधिक नेमका, म्हणून शीर्षपट्टीत तोच चालतो. तयार साचा घेतलेला असेल, तर त्याचे नियम पुष्कळदा फार नेमके असतात आणि आपला साधा नियम हरतो. अशा वेळी 'इम्पॉर्टंट' हा शब्द जोडून हुकूम सोडण्याची सवय लागते. एकदा-दोनदा ठीक; पण सगळेच हुकूम तातडीचे झाले की कोणताच तातडीचा राहत नाही. आपला नियमही तेवढाच नेमका लिहिणे, हा खरा उपाय.

प्रयोगासाठी मूळ फाइलीला हात लावण्याची गरज नाही. संगणकावरील ब्राउझरमध्ये लिंकवर उजवी कळ दाबून 'इन्स्पेक्ट' निवडले, की तिला लागू असलेले सर्व नियम दिसतात. हरलेल्या नियमांवर आडवी रेघ असते. तेथे रंग बदलून पाहता येतो, क्रोममध्ये गुणोत्तरही कळते आणि पान पुन्हा उघडले की सारे पूर्ववत होते. वर्डप्रेसच्या जुन्या धाटणीच्या साच्यांत 'ॲडिशनल सीएसएस' नावाची जागा २०१६ च्या अखेरीस मिळाली; तेथे लिहिलेले नियम साचा अद्ययावत झाला तरी पुसले जात नाहीत. साच्याच्या मूळ फाइलीत केलेले बदल मात्र पुढच्या अद्ययावतीकरणात वाहून जातात. आणि सारे बरोबर असूनही जुनाच रंग दिसत असेल, तर ब्राउझरने साठवलेली जुनी प्रत हे त्याचे कारण असते. कंट्रोल आणि एफ-५ एकत्र दाबले, की बहुधा नवी प्रत येते.

शेवटची सूचना पुढच्या वर्षासाठी. रंग जागोजागी न लिहिता फाइलीच्या माथ्यावर एकदाच लिहावेत आणि त्यांना 'मुख्य', 'लिंक', 'पाहिलेली' अशा अर्थाची नावे द्यावीत. सीएसएसमध्ये यांना कस्टम प्रॉपर्टीज म्हणतात. २०१७ पर्यंत सर्व प्रमुख ब्राउझरनी त्यांचा स्वीकार केला. होळीच्या संग्रहासाठी काळी पार्श्वभूमी आणि घोडेबाजारासाठी पांढरी हवी असेल, तर माथ्यावरील चार ओळींचा दुसरा संच लिहिला की काम भागते.

थोडक्यात लक्षात ठेवण्याजोगे

* शीर्षपट्टीचा रंग तटस्थ ठेवावा. भडक रंग छायाचित्रातच शोभतो.
* शीर्षपट्टीत छायाचित्र असेल, तर अक्षरांमागे अर्धपारदर्शक गडद पडदा आणि पर्यायी रंग द्यावा.
* देवनागरी शीर्षकाला अक्षर-अंतर देऊ नये. ओळीची उंची वाढवावी.
* लिंकच्या अवस्था न पाहिलेली, पाहिलेली, बाण टेकलेली, दाबलेली याच क्रमाने लिहाव्यात.
* पार्श्वभूमी बदलली, की प्रत्येक लिंकचे गुणोत्तर पुन्हा मोजावे; ४.५ च्या खाली जाऊ नये.
* 'संपर्क' आणि 'परवानगी' या लिंक भर उन्हात मोबाइलवर वाचून पाहाव्यात.

काठीची होळी पहाटे पेटते आणि दिवस उगवेपर्यंत नर्तक पांगलेले असतात. त्यांचे छायाचित्र मात्र मागे उरते. ते पाहणाऱ्याला ही माणसे कोण, गाव कोणते आणि हे छायाचित्र कोणाकडे मागायचे, हे कळले पाहिजे. त्यासाठी योग्य रंगाची एक लिंक पुरते.